'रिॲक्टिव्ह' वाचण्याआधी तपासणीचं नाव वाचा

गुहागरला माझी छोटी लॅब आहे, एकवीस वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात वरच्या वाडीतल्या काकी लेकाचा रिपोर्ट पदरात गुंडाळून भिजत आल्या. "भाऊ, याची बोटीवरची नोकरी गेली हो, रिॲक्टिव्ह आलंय!" पोराला तीन दिवस नुसत्या पेजेवर ठेवलेलं, कावीळ उतरवणाऱ्याकडेही नेऊन आणलेलं. कागद पाहिला तर 'अँटी-एचबीएस रिॲक्टिव्ह'. म्हणजे हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूवरची लस उत्तम लागली होती. काकी तिथेच बाकावर बसून रडल्या.

'रिॲक्टिव्ह' म्हणजे तपासणीत जे शोधलं ते रक्तात सापडलं, एवढंच. हिपॅटायटिस बीच्या तपासण्यांची नावं सारखी, अर्थ उलटे. 'एचबीएसएजी' हा विषाणूच्या आवरणाचा भाग. तो रिॲक्टिव्ह आला तर विषाणू अंगात आहे असं धरून पुढच्या तपासण्या करायच्या. 'अँटी-एचबीएस' म्हणजे त्याच्याविरुद्ध शरीराने उभी केलेली ताकद. लसीनंतर तो आकडा १० किंवा जास्त असला की संरक्षण आहे. तिसरी 'अँटी-एचबीसी टोटल'. खऱ्या विषाणूशी गाठ पडली असेल तरच ती येते, लसीने येत नाही. ही एकटीच रिॲक्टिव्ह आली तर घरी अर्थ लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

बोटीवर जाणाऱ्या पोरांना मी एक आवर्जून सांगतो: लस टोचून घेतली की निदान तीन आठवडे एचबीएसएजी करू नका, लसीमुळेच खोटा रिॲक्टिव्ह येऊ शकतो.

एचबीएसएजी खरोखर रिॲक्टिव्ह असेल आणि सहा महिन्यांनीही तसाच राहिला, तर आजार जुनाट झाला. मग एसजीपीटी (यकृताला किती इजा होतेय) आणि एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती आहे) बघतात. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे विषाणू गेला असं नाही. गोळ्या सगळ्यांनाच लगेच लागत नाहीत, पण तपासणी आयुष्यभर चुकवायची नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात विचारा.

गरोदर सुनेचा एचबीएसएजी रिॲक्टिव्ह आला म्हणून तिचं ताट वेगळं मांडलेलं मी पाहिलंय. फार वाईट वाटतं. एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही. रेझर आणि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेवा, नवऱ्याची आणि घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून लस द्या. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूविरुद्धच्या तयार अँटीबॉडीचं) इंजेक्शन मिळायला हवं, म्हणून बाळंतपण कुठे करायचं ते आठव्या महिन्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि तो रिपोर्ट बाळंतपणाच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा.