टेम्पो मिळतो, माणसं आधी ठरवा

कुणी नवी मुंबईत राहायला येणार म्हटलं की मला फोन येतो तो टेम्पोवाल्याचा नंबर मागायला. नंबर मी देतेच, पण आधी विचारते, तिकडं सामान चढवायला कोण आहे आणि इकडं उतरवायला कोण? ‘बघू की आल्यावर,’ असं उत्तर आलं की ओळखावं, हे बिऱ्हाड तासभर तरी रस्त्यावर बसणार. टेम्पोवाल्याचं काम गाडी दारात आणण्यापुरतं. फाळका उघडून दिला की तो मोबाइल काढून केबिनमध्ये बसतो, आणि पुढच्या भाड्याची वेळ झाली की हॉर्न वाजवायला लागतो.

आमचं सासर जावळीचं. सासरे कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, म्हणून आम्ही कोपरखैरण्यात. घाऊक बाजार मुंबईतून वाशीला हलला, तशी माथाडी कुटुंबंही खाडी ओलांडून आली. त्यामुळं कोपरखैरणे-घणसोलीच्या कित्येक गल्ल्यांत तुम्हाला सातारा, सांगलीकडची बोली ऐकू येईल. तिकडचे असाल तर तुमच्या गावाचं नाहीतर शेजारच्या गावाचं एखादं ग्रामस्थ मंडळ इथं असणारच. गावातल्या कुणालाही विचारा, मंडळाच्या सेक्रेटरीचा नंबर मिळतो. विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्यांनी नाउमेद होऊ नये. त्यांची भावकी इथं कमी दिसली तरी ऑफिसातली, कॉलेजातली ओळख तेवढीच कामाला येते.

घर बघताना माझं एकच सांगणं. दिवसा बघून आवडलं तर त्याच घराखाली रात्री अकराला एकदा उभं राहून या. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडं एमआयडीसी आहे. वारा तिकडून असला की काही सेक्टरांत रात्री केमिकलचा उग्र वास येतो, आणि तो वास एजंट कधी सांगत नाही. पाणीही विचारावं. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत बहुतेक ठिकाणी मोरबे धरणाचं पाणी येतं, ते धरण पालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे, त्यामुळं वाशी, नेरूळकडं फार ओरड नसते. खारघर, कामोठे, कळंबोली हे सगळं पनवेल महापालिकेत मोडतं. पत्त्यात नवी मुंबई लिहितात म्हणून पाणीही तेच समजू नका. तिथं खालच्या वॉचमनला विचारायचं, ‘उन्हाळ्यात टँकर येतो का?’ एजंटला नव्हे, वॉचमनला.

इथं ‘साडेबारा टक्क्यांची बिल्डिंग’ हा शब्द सारखा कानावर पडेल. सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, १९७० साली स्थापन झाली, आणि या शहरासाठी आगरी-कोळी गावांच्या जमिनी सरकारनं घेऊन तिच्याकडं दिल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ साली शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, आणि पुढं संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायची योजना आली. त्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या या इमारती. राहायला चांगल्या असतात. त्याशिवाय सिडकोनं बांधलेली घरं आहेत, रो-हाऊस आहेत आणि गावठाणातली घरं आहेत. गावठाणात डिपॉझिट कमी पडतं, मालक त्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो, आणि एकदा घरोबा झाला की आगरी माणूस पोटच्या माणसासारखं सांभाळतो. पण गल्ली इतकी अरुंद असते की छोटा हत्तीसुद्धा आत जात नाही. तिथं सामान नाक्यावर उतरवून डोक्यावर न्यावं लागतं. म्हणजे माणसं दुप्पट लागतात, हे धरून चाला.

कागदांचं थोडक्यात सांगते. भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, बहुतेक अकरा महिन्यांचा असतो. तो रजिस्टर करणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ‘नोटरी करून टाकू, काय होतंय’ असं म्हणणाऱ्या मालकाला नम्रपणे नाही म्हणा. आता आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या नोंदणी होते, एजंट मशीन घेऊन दारात येतो. पुढं आधारवरचा पत्ता बदलायला, मुलांच्या शाळेत, बँकेत हाच रजिस्टर्ड करार दाखवायचा असतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायचं कामही मालकाचं, तुम्ही त्या नोंदीची प्रत मागून घ्या. आणखी एक. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी त्याच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाहीत, आणि ते मालकानं भरायचे असतात. तुमच्या भाड्यावर वेगळे लावू देऊ नका.

आता तारीख. महिन्याच्या एक तारखेला सगळी नवी मुंबई घर बदलते असं वाटावं इतकी गर्दी असते. टेम्पोही महाग, लिफ्टही अडकलेली. चार-पाच दिवस आधी ताबा मिळेल का, हे मालकाशी बोलून घ्या, घर रिकामंच असेल तर बहुतेक जण हो म्हणतात. पितृपक्षात बरेच जण घर बदलत नाहीत, म्हणून तेव्हा टेम्पो आणि हमाल दोन्ही निवांत मिळतात. मी मानत नाही, पण तुमच्या सासूबाई मानत असतील तर त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा टेम्पोला चार पैसे जास्त देणं परवडतं. पावसाळ्यात येणार असाल तर त्या दिवशीची भरतीची वेळ बघा. हे शहर खाडीकाठी सखल जमिनीवर वसवलंय, पावसाचं पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीला सोडतात. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की सखल सेक्टरांत पाणी चढतं. अशा वेळी टेम्पोत गादी असेल तर ती गेलीच म्हणून समजा. ताडपत्री गाडीवाला आणतो म्हणतो, तिला भोकं असतात. आपली एक घ्या.

माणसं यायची सोय रविवारीच, पण रविवारीच मेगाब्लॉक. डोंबिवली-कल्याणचे मित्र ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर येतात आणि तिथं कळतं की वाशी-पनवेलच्या गाड्या बंद. शनिवारी संध्याकाळीच ब्लॉकची वेळ बघून त्यांना कळवा. सोसायटीचंही तसंच. काही ठिकाणी रविवारी सामान हलवू देत नाहीत, काही ठिकाणी दुपारी लिफ्ट देत नाहीत. गावाकडून पिकअप रात्री निघून पहाटे पोहोचते आणि गेटवरचा वॉचमन सांगतो, ‘नऊच्या आधी नाही.’ सेक्रेटरींना आधीच फोन करून वेळ ठरवा, आणि त्यांच्याकडूनच वॉचमनला निरोप जाऊ दे.

मदत मागायची कशी, यावर मात्र मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण घोळ तिथंच होतो. ‘रविवारी येऊन जा जरा’ असं म्हटलं की माणसं येतात, पण खाली उभी राहून सल्ले देतात. मदत काम सांगून मागावी. एक जण टेम्पोपाशी, तो तिथून हलणार नाही. एक लिफ्टपाशी. वर घरात एकच माणूस, तो फक्त सांगणार की हे खोके कुठल्या खोलीत. पाठदुखीवाल्या भाओजींना उचलायला न लावता पान्याची पिशवी द्या, पलंग जोडायचं आणि पडद्याचे रॉड लावायचं काम त्यांचं. तेही खूश राहतात. स्वयंपाकघरात एकाच बाईला हात घालू द्या, आणि ती तुम्ही स्वतः असलात तर उत्तम. तीन मैत्रिणींनी मिळून प्रेमानं लावलेल्या ओट्यावर मिक्सरचं भांडं दिवाळीपर्यंत सापडत नाही.

अवजड सामान मित्रांवर टाकू नका. फ्रिज, कपाट, वॉशिंग मशीन यांना हमालच. पैसे ठरवताना ‘वर नेऊन जागेवर लावेपर्यंत’ हे शब्द बोलून ठेवा, नाहीतर दारात टेकवून निघतात. आणि माथाडीच्या घरातली म्हणून एक सांगते. काही भागांत चार पोरं येऊन ‘सामान आम्हीच उतरवणार, नाहीतर पैसे द्या’ म्हणतात आणि वर माथाडीचं नाव सांगतात. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली, १९६९ साली कायदा झाला, तो ओझी वाहणाऱ्यांना मजुरी आणि संरक्षण मिळावं म्हणून. न केलेल्या कामाची वसुली ही त्यात बसत नाही. आपलं घरचं सामान आपल्या माणसांनी उतरवायला कुणाची परवानगी लागत नाही. हुज्जत घालू नका, सरळ ११२ लावा.

रो-हाऊस घेतलं असेल तर जिन्याचं माप आधी. रुंदी सगळेच मोजतात, वळण कुणी मोजत नाही. प्लायवूडचा बॉक्सवाला पलंग वळणावर अडतो, आणि बाल्कनीला ग्रिल असल्यामुळं दोरानं वर ओढायचीही सोय नसते. लोखंडी कपाट मात्र बरोबर जातं, नीट नेलं तर. आतला लॉकर रिकामा करा, दार लावून किल्ली काढून घ्या. किल्ली कुलपातच ठेवली की भिंतीला घासून आत मोडते, आणि मग पहिल्या दिवशी किल्लीवाला शोधत फिरा. हँडलवर जुनी सतरंजी गुंडाळून दोरी बांधायची. कपाट पाठीवर घेणारा हमाल पुढं, आणि मागून एक जण फक्त पायऱ्या मोजून सांगणारा. फ्रिज उभाच न्या, लगेच सुरू न करता काही तास तसाच ठेवा. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे मागचे बोल्ट जपून ठेवले असतील तर हलवण्याआधी लावा. वाटेत ड्रम हलू नये म्हणूनच ते असतात.

एक पिशवी टेम्पोत न टाकता हातात ठेवायची. त्यात देव, दूध, साखर, चहा पावडर, छोटं पातेलं, लायटर, केरसुणी, तांब्या, कुलूप आणि चार्जर. घरात आधी देव जातात आणि दूध उतू घालवतात, हे बहुतेक घरांत असतंच. पण गॅसचं कनेक्शन तिकडून ट्रान्सफर होऊन यायला वेळ लागतो, आणि पाइपचा गॅस असला तरी शेगडीला नोझल बदलून लागतं. तेव्हा शेजारचं दार वाजवा आणि म्हणा, ‘काकू, दूध उतू घालायचंय, तुमची इंडक्शन मिळेल का?’ ओळख करून घ्यायला याहून चांगलं निमित्त मला तरी माहीत नाही. शेजारीण तमिळ असो नाहीतर भोजपुरी बोलणारी, दुधाचं तिलाही समजतं. बऱ्याचदा ती इंडक्शन घेऊन स्वतःच येते आणि तुमची मुलं संध्याकाळपर्यंत तिच्याकडं टीव्ही बघत बसतात.

मदतीला आलेल्या मित्रांना पैसे विचारू नका, राग येतो. चहा-वडापाव सकाळीच, आणि जेवण वेळेवर. आदल्या रात्री घरी पोळ्या करून ठेवण्याच्या फंदात पडू नका, त्या रात्री पोळपाट खोक्यात असतो. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात सांगून ठेवलं की डबे येतात. गावाकडून तांदळाचं पोतं आलं असेल तर पुढच्या आठवड्यात प्रत्येकाकडं दोन-दोन किलो पोचवा. इथल्या दमट हवेत ते पोतं तसंही कीड धरणारच. शेजारणीचा डबा आला तर परत देताना रिकामा देऊ नका, हे तुम्हाला सांगायला नकोच.

सामान लागायच्या आधी, रिकाम्या घराचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. भिंतीची ओल, फुटलेली फरशी, नळ, सगळं. महावितरणच्या मीटरचं रीडिंग आणि पाइप गॅस असेल तर त्याचंही. बिल मालकाच्याच नावावर येत राहतं, त्यामुळं ग्राहक क्रमांक लिहून घ्या. वॉचमनला पाण्याची वेळ आणि ओला-सुका कचरा कधी उचलतात ते विचारा. इथं एकत्र कचरा ठेवला तर तो दारातच राहतो.

ठाण्यातून किंवा दुसऱ्या सेक्टरातून हलत असाल तर जुन्या घराचा हिशेब राहिलेला असतो. रंगकामाचे म्हणून डिपॉझिटमधून किती कापणार हे मालकाकडून आधी लिहून घ्या, मेसेजवर चालतं. सामान गेलं तरी एक किल्ली तुमच्याकडं ठेवा, आणि डिपॉझिट खात्यात जमा झालं की त्याच वेळी, दोघं समोरासमोर असताना ती द्या.