दगडातले परागकण आणि बीजाणू ओळखायचे कसे? आधी भोक बघा, नाव नंतर

सगळ्यात आधी एक सांगतो, पहिल्या दिवशी जो माणूस मायक्रोस्कोपला डोळा लावून फोटोंच्या पुस्तकात "सेम टू सेम" शोधायला लागतो तो हमखास फसतो. मीपण असाच फसलोय, ते पुढे येईलच. परागकण ओळखायचा म्हणजे त्याचा आकार ठराविक क्रमाने वाचायचा, नाव शेवटी.

ही गोष्ट दगडात टिकते तरी कशी? परागकण आणि बीजाणू यांचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं आणि ते भयंकर चिवट असतं. दगड हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडमधे विरघळतो, कवच मागे उरतं. पण हे घरी करायचं नाही म्हणजे नाही. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड काचही खातं आणि माणसाच्या जिवावरही उठतं. जिऑलॉजी किंवा बॉटनीच्या एखाद्या डिपार्टमेंटमधे विचारा, तयार स्लाइड बघायला मिळू शकतात. साधा ४०० पट मोठं दाखवणारा कॉलेजचा मायक्रोस्कोप सुरुवातीला पुरतो.

स्लाइडवर कण सापडला की पहिला प्रश्न एकच, हा उघडतो कुठून? आतला जीव बाहेर यायला कुठेतरी वाट लागतेच, ती वाट म्हणजे निम्मी ओळख.

बीजाणूवर, म्हणजे नेचे वगैरे बी न धरणाऱ्या झाडांच्या कणांवर, एक व्रण दिसतो. तो का असतो ते कळलं की विसरायला होत नाही. बीजाणू चार-चारच्या जुडग्यात तयार होतात. आता तीन लाडू खाली ठेवा आणि मधे एक वर ठेवून जरा दाबा. प्रत्येक लाडू बाकीच्या तिघांना टेकतो, तिथे चपटा होतो आणि त्या तीन चपट्या बाजू जिथे भेटतात तिथे फॅनच्या तीन पात्यांसारखी खूण उमटते. हा ट्रायलीट बीजाणू. आणि जुडगं जर संत्र्याच्या चार फोडींसारखं बसलेलं असेल तर प्रत्येकाला एकच सरळ रेघ, तो मोनोलीट. बागेतल्या हंसराजाच्या पानामागची भुकटी घेतली तर पहिला प्रकार दिसतो, कुंडीतल्या नेफ्रोलेपिस या नेच्याची घेतली तर दुसरा.

परागकणावर असा व्रण शोधायचा नाही, तिथे चिरा आणि भोकं बघायची. एक लांब चीर असेल तर नारळासारखं काहीतरी किंवा सायकससारखी बिनफुलाची झाडं, तीन चिरा असतील तर बहुतेक द्विदल फुलझाड, एकच गोल भोक आणि भोवती जाड कडं असेल तर गवत (मक्याचा तुरा झटकून बघा, तोच प्रकार पण चांगला मोठा).

इथेच नवशिके सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण तीन चिरांचा कण वरून बघितला की तोही तीन पात्यांचा वाटतो. फरक असा की बीजाणूच्या रेघा मध्यावर एकमेकींना भेटतात आणि बाहेर जाता जाता संपतात, परागाच्या चिरा कडेपासून आत येतात आणि साधारणपणे मध्याआधी थांबतात. अपवाद आहेत, पण शंभरातल्या बहुतेक कणांना हा नियम चालतो. दुसरी फसवी गोष्ट म्हणजे घड्या. लाखो वर्षं मातीखाली दबलेला कण चेपलेला असतो, घडी चिरेसारखीच दिसते, पण घडी दर कणात वेगळ्या जागी असते. म्हणून एकाच कणावरून ठरवू नका, तसलेच आठ-दहा शोधा.

आता नक्षी. काटे, गाठी, जाळी, रेघा, की एकदम गुळगुळीत? फोकस हळूहळू वरून खाली न्या. वरच्या फोकसला जे उजळ दिसतं आणि खाली गेल्यावर काळं पडतं तो उंचवटा, उलटं झालं तर खड्डा. ही सवय बोटांना लागायला मला महिना गेला. सरावाला जास्वंद घ्या, तिचे कण एवढे मोठे की नुसत्या डोळ्यालाही पिवळे ठिपके दिसतात आणि काटे तर लाजवाब. बाभळीचे कण एकेकटे नसतातच, १६ किंवा जास्त कणांचा गठ्ठा एकत्रच फिरतो.

माप पण घ्या, पण त्यावर फार विसंबू नका. बहुतेक कण १० ते १०० मायक्रॉनमधे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बसतात आणि स्लाइडवरच्या ग्लिसरीनमधे फुगतातसुद्धा.

मग येतं वय, आणि आपल्या विदर्भात याची मजा आहे. उमरेड, चंद्रपूरकडचा कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात कावड घेतलेल्या माणसासारखे कण भरपूर दिसतात, मधे धड आणि दोन्ही बाजूला हवेच्या पिशव्या. पिशव्या पाइनच्या परागालाही असतात, पण इथल्या कितीतरी कणांच्या धडावर आडव्या पट्ट्या असतात आणि असे पट्टेवाले कण ग्लोसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या गटातल्या झाडांचे मानले जातात. तीन चिरांचा पराग मात्र या कोळशात असू शकत नाही, तो पृथ्वीवर आला साधारण साडेबारा कोटी वर्षांपूर्वी. दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधल्या गाळात, साधारण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, फुलझाडांचे पराग मिळतात, त्यातच अक्विलापोलेनाइट्स हा हात बाहेर काढल्यासारखा विचित्र कण.

माझी फजिती इथलीच. कोळशाच्या स्लाइडमधे मला एक छोटा, गोल, काटेरी, तीन चिरांचा कण सापडला आणि मी दोन दिवस हवेत होतो. पर्मियनमधे फूल! तिसऱ्या दिवशी सरांनी एक नजर टाकली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर गाजरगवत फुललेलं. भारतात १९५० च्या दशकात पुण्यात नोंद झालेलं तण मी २५ कोटी वर्षं मागे नेऊन ठेवलं होतं. तो कण फुगीर होता, पारदर्शक होता, आतला ऐवज तसाच होता. जीवाश्म कण रिकामा असतो, चेपलेला असतो आणि जमिनीतली उष्णता जितकी जास्त खाल्ली तितका पिवळ्याकडून तपकिरी, मग काळा होत जातो. शेजारच्या कणांपेक्षा एखादा फारच वेगळ्या रंगाचा दिसला तर आधी संशय घ्या, तो आजचा असेल किंवा जुन्या थरातून वाहून आलेला.

आता नावाकडे या. पुष्कळ जीवाश्म कणांचं मूळ झाड माहीतच नसतं, म्हणून नाव कणाच्या रूपालाच देतात. नाव नाही जमलं तर सरळ "तीन चिरा, जाळीदार, २८ मायक्रॉन, प्रकार ४" असं वहीत लिहा, चित्र काढा, फोटो घ्या, आणि मायक्रोस्कोपच्या स्टेजवरचे (स्लाइड ठेवायच्या पट्टीवरचे) जागा सांगणारे आडवा आणि उभा असे दोन्ही आकडे टिपून ठेवा, नाहीतर तोच कण दुसऱ्या दिवशी शोधताना डोळे फुटायची वेळ येते.