परदेशात दवाखाना गाठायची वेळ आली तर: प्रवास विम्यातल्या या चुका टाळा

प्रवास विमा बरेच जण व्हिसाच्या कागदांना जोडायला म्हणून घेतात. अर्ज मंजूर झाला की पॉलिसीची पीडीएफ पुन्हा कुणी उघडत नाही. पण आजारपणात या पॉलिसीचा खरा उपयोग पहिल्या तास-दोन तासांत असतो, आणि तोही फोनवरून. तेवढं जमलं नाही की पुढे सगळंच अडतं.

मदत क्रमांकावर फोनच न करणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. पॉलिसीवर चोवीस तास चालणारा एक नंबर असतो. तो बहुधा विमा कंपनीने नेमलेल्या असिस्टन्स कंपनीचा असतो. बिलाची हमी देणारं पत्र हॉस्पिटलला तीच पाठवते, आणि कॅशलेसचं सगळं त्या पत्रावर अवलंबून असतं. जीवावर बेतलं असेल तर अर्थातच आधी अॅम्ब्युलन्स: युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११, जपानमध्ये ११९, ऑस्ट्रेलियात ०००. मात्र पेशंट आत गेला की सोबतच्या माणसाने लगेच मदत क्रमांक फिरवावा. पॉलिसी नंबर, पासपोर्ट नंबर, हॉस्पिटलचं नाव आणि वॉर्ड सांगावा, आणि केस नंबर लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. पुढचं प्रत्येक बोलणं त्या केस नंबरवरच होतं.

टोल-फ्री नंबर परदेशातून अनेकदा लागत नाही. म्हणून देशाच्या कोडसह असलेला साधा नंबर निघण्याआधीच सोबत्यांच्याही मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि एका कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवा. बॅटरी संपलेली असली तरी कागद हाताशी असतो.

हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं तर घाबरून लगेच कार्ड पुढे करू नका. बिलिंग काउंटरचा ईमेल मागा, तो असिस्टन्स कंपनीला द्या आणि केस नंबर काउंटरवर सांगा. तरीही पैसे भरावेच लागले, तर बाहेर पडण्याआधी तपशीलवार बिल, पावत्या, प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांच्या सहीची डिस्चार्ज समरी हातात घ्या. घरी परतल्यावर परक्या भाषेतल्या हॉस्पिटलकडून एक कागद मिळवायचा म्हणजे नाकी नऊ येतात.

जुना आजार न लिहिणं

‘बीपी गोळीने कंट्रोलमध्ये आहे, मग लिहायचं कशाला?’ हा विचार फार धोक्याचा आहे. मोठा क्लेम आला की विमा कंपनी जुने रिपोर्ट मागू शकते, आणि न सांगितलेला मधुमेह किंवा हृदयाचा त्रास त्यात निघाला की क्लेम नाकारला जाऊ शकतो. वयस्कर आईवडिलांचा फॉर्म बहुतेकदा मुलंच मोबाईलवर घाईघाईने भरतात आणि आजाराच्या प्रत्येक प्रश्नावर ‘नाही’ टिक करून मोकळी होतात. कृपया असं करू नका. त्यांच्या शेजारी बसा, गोळ्यांच्या पट्ट्या समोर ठेवा, एकेक प्रश्न वाचून दाखवा आणि मगच उत्तर भरा. पॉलिसी घेतल्यानंतर गोळीचा डोस बदलला किंवा डॉक्टरांनी नवी तपासणी सांगितली, तर तेही कंपनीला लेखी कळवा.

आजार जाहीर केला म्हणजे सगळं कव्हर झालं, असंही नाही. अनेक पॉलिसींत जुन्या आजारासाठी फक्त जीवघेण्या प्रसंगी, प्रकृती स्थिर होईपर्यंतचाच खर्च मिळतो. हे कलम शोधून वाचा.

‘तिथे उपचार फुकट असतात’ हा समज

ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयात इमर्जन्सी विभागातली तपासणी पर्यटकालाही मोफत आहे, पण दाखल करून घेतलं की त्याला बिल लागू शकतं. अमेरिकेत १९८६च्या कायद्यामुळे इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला पैशांसाठी अडवता येत नाही. बिल मात्र नंतर येतंच. युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, पण ती व्हिसाची अट आहे, खर्चाचा अंदाज नव्हे. आयसीयू किंवा रुग्णाला विमानाने परत आणण्याची वेळ आली तर ही रक्कम अपुरी पडू शकते.

स्कूटर, डायव्हिंग आणि औषधं

भाड्याची स्कूटर त्या देशात चालणाऱ्या लायसन्सशिवाय, हेल्मेटशिवाय किंवा दारू पिऊन चालवली, तर अपघाताचा क्लेम बहुधा मिळत नाही. स्कूबा डायव्हिंग आणि उंचावरचे ट्रेक यांचं कव्हर अनेकदा वेगळं घ्यावं लागतं. औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत ठेवा आणि जिथे जाताय तिथले नियम आधी बघा. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या औषधांना संयुक्त अरब अमिरातीत आधी परवानगी लागते, तर जपानमध्ये १० टक्क्यांहून अधिक स्युडोएफेड्रिन असलेलं सर्दीचं औषध आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाही.

क्लेम नाकारला तर

फोनवरचा नकार मान्य करू नका. कोणत्या कलमाखाली नाकारला, हे लेखी मागा. त्या कलमालाच धरून कागदांसह उत्तर द्या, आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल किंवा तुमच्या देशात अशा तक्रारी ऐकणारी जी यंत्रणा असेल तिच्याकडे जा. या तक्रारींना मुदत असते, म्हणून नकाराचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी त्याची तारीख नोंदवून ठेवा.