जुन्या गल्लीत नवं कॉम्प्लेक्स उभारताना

बी.आर्क.ची पाच वर्षं संपवून बेळगावात कामाला लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. खडेबाजार, गणपत गल्लीसारख्या भागात जुनी दुकानं पाडून कॉम्प्लेक्स बांधायचं काम तुमच्याकडे आज ना उद्या येणारच.

टेप घेऊन आधी गल्लीत जा. इथली जुनी घरं अरुंद आणि खोल. पुढं दुकान, मग सोपा, माजघर, मागं परडं. घराला घर चिकटलेलं, त्यामुळं चार पावलं चाललं की नवं दार येतं. बाजाराचा जीव या दारांत आहे, असं माझं ठाम मत आहे. चार घरं एक करून काचेची एकच दर्शनी भिंत उभी केली, की वर कौलं चढवा नाहीतर कमानी काढा, गल्ली गेलीच. म्हणून मी तळमजल्यावर छोटे गाळे ठेवतो आणि मोठं शोरूम माडीवर नेतो. रस्त्यालगतच्या छोट्या गाळ्याला चौरस फुटामागं भाडं जास्त येतं. हा हिशेब मालकाच्या पुढ्यात मांडला की बोलणं सोपं होतं. शिवाय जुना कासार, शिंपी, कुंद्याचं दुकान यांना परत यायला जागा राहते.

छोट्या गाळ्याला कमी लेखू नका. किर्लोस्करांनी 1888 साली इथं सायकलचं दुकान काढलं, त्यातून पुढं कारखाना उभा राहिला. नवं उपनगर वसवायचं म्हणून नगरपालिकेनं त्यांना जागा सोडायला लावली आणि 1910 मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. पुनर्विकासाचा नकाशा काढताना मला ही गोष्ट हमखास आठवते.

दुसरी गोष्ट पाऊस. जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक वळचणीखालूनच चालतं. सपाट काचेच्या भिंतीला वळचण नसते, मग दुकानदार पावसाळ्याच्या तोंडावर पत्रे ठोकतात आणि तुमचं डिझाइन त्याखाली झाकलं जातं. छज्जा पहिल्याच ड्रॉइंगमध्ये घ्या. त्याची उंची मात्र गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारून ठरवा, कारण मिरवणुकीतली मूर्ती त्याच रस्त्यानं जाते. मांडव कुठं पडतो तेही विचारा. तिथं पार्किंगचा रॅम्प काढलात तर सगळ्या गल्लीचा सण अडेल. रॅम्प मागच्या बोळातून न्या.

पाट्यांचं तर सुरुवातीलाच बघा. फलकावर 60 टक्के कन्नड हा कायदा आहे. सगळ्या गाळ्यांवर एका उंचीची पट्टी सोडली, तर कन्नडखाली मराठीही नीट वाचता येते. नाहीतर फ्लेक्सच्या गर्दीत कुठलंच अक्षर दिसत नाही.

नोकरीसाठी येताना चकचकीत रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली इमारतीची चित्रं, कमी आणा. एका गल्लीचा स्वतः मोजून काढलेला छेद, म्हणजे उभा कापून दाखवणारं ड्रॉइंग, आणा, दोन्ही बाजूंच्या जोत्यांची उंची लिहिलेला. मी तो आधी उघडतो.