आजीचं वाक्य मी लिहिलंच नव्हतं

एमबीबीएसच्या २०१९च्या नव्या अभ्यासक्रमात चिंतनलेखन आलं, म्हणजे आलेल्या अनुभवावर विचार करून लिहिणं. पहिल्या वर्षी मी ते परीक्षेसारखं उरकायचो: ‘आज खूप शिकायला मिळालं.’ खाली सरांची सही. त्या पानांतलं आज काही म्हणता काही आठवत नाही.

मग यवतमाळकडच्या एका गावात आमची टीम गेली. मी, नर्सिंगची एक मैत्रीण, फिजिओथेरपीचा एक मित्र आणि वाट दाखवायला आशाताई. शुगरचा त्रास असलेल्या एका आजीकडे सगळे एकाच सतरंजीवर बसलो. रात्री मी लिहिलं, ‘गोळ्या नियमित घेत नाही. समजावून सांगितलं.’ मित्राने तिच्या भेगाळलेल्या अनवाणी पायांबद्दल लिहिलं. मैत्रिणीने आजीचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं: ‘गोयी खाल्ली का गरगरते, मंग कापूस कसा वेचू?’

ते ऐकलं आणि माझी ट्यूब पेटली. गोळी ग्लिमेपिराइडची, म्हणजे दिवसाच्या पहिल्या जेवणासोबत घ्यायची. आजी ती काळ्या चहावर घेऊन वावरात जायची. भाकर पार उन्हं चढल्यावर. शुगर खाली जात असणार. म्हणजे गोळी चुकवण्यात तिचंच शहाणपण होतं, आणि मी तिला ‘समजावून’ आलो होतो! वाक्य मीही ऐकलं होतं, पण ते लिहिण्याजोगं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी शुगर तपासली आणि गोळी भाकरीसोबत घ्यायला लावली.

तेव्हापासून आम्ही आधी आपापलं लिहितो, मग एकमेकांना वाचून दाखवतो. आधी गप्पा झाल्या की सगळ्यांच्या वहीत एकच पान उमटतं. शिक्षणतज्ज्ञ गिब्ज यांची १९८८ची चिंतनाची सहा पायऱ्यांची पद्धत वर्गात शिकवतातच: घटना, भावना, बरं-वाईट, कारणं, निष्कर्ष, पुढचं पाऊल. बहुतेक जण घटनेतच पान संपवतात. तुम्ही ती दोन ओळींत आटपा आणि ‘कारणं’पाशी रेंगाळा. लिहायचं त्याच रात्री; उद्यावर टाकलं की पेशंटचे शब्द जातात, आपले उरतात.

पेशंटचं नाव लिहू नका. गाव लहान असतं, ‘मारुतीच्या देवळामागची आजी’ एवढंही ओळख पटायला पुरतं.

मित्राने सुचवलेलं चपलांचं आजीने मनावर घेतलं नाही. ओल्या काळ्या मातीत चपला रुततात म्हणे. मित्राचं पुढचं पान त्यावरच आहे.