ग्रीन झोनचा यलो व्हायच्या आधी गावानं काय करायचं

आपल्याकडं मराठवाड्यात सवयच पडलीय, शेजारच्या वावरात चुन्याच्या रेषा पडल्या, मुरमाचे रस्ते झाले, "एनए प्लॉट, बँक लोन उपलब्ध" असा फ्लेक्स लागला की मग गाव जागं होतं, मग तहसीलला मोर्चा, निवेदन, फोटो, पेपरात बातमी. आणि तहसीलदार शांतपणे सांगतो की बाबांनो सगळं नियमात हाय. आणि बऱ्याचदा ते खरंच नियमात असतं. कारण त्या वावराचा निकाल आधीच कधीतरी एका नकाशावर लागलेला असतो, आणि तो नकाशा गावातल्या कुणीच बघितलेला नसतो.

म्हणून हे लिहितोय. शेती वाचवायची असेल तर भांडण एनएपाशी (म्हणजे बिनशेती परवानगीपाशी) घालून उपयोग कमी, झोनपाशी घालायचं. झोन म्हणजे नकाशावर जमिनीचा ठरवलेला वापर, हिरवा (ग्रीन) शेतीचा, पिवळा (यलो) रहिवासाचा. आधी एनए म्हणजे मोठा अडसर होता, कलेक्टर ऑफिसच्या चकरा, दहा खात्यांचे दाखले. आता तसं राहिलं नाही. महसूल संहितेत 42ब, 42क, 42ड ही कलमं आली तेव्हापासून आराखड्यात जमीन ज्या वापराला दाखवलीय त्या वापरासाठी वेगळी एनए परवानगी लागत नाही, शासनाचं ठरलेलं देणं भरलं की काम झालं. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीलाही घरासाठी तशीच सूट हाय. वरून तुकडेबंदीचा कायदा, ज्यात जिरायतला 20 गुंठे आणि बागायतला 10 गुंठ्याच्या खाली तुकडा पाडता येत नाही, तोही प्रादेशिक योजनेत (म्हणजे अख्ख्या प्रदेशाच्या आराखड्यात) बिनशेती वापराला दाखवलेल्या जमिनीला लागू होत नाही. म्हणजे नकाशावर हिरवा रंग जाऊन पिवळा आला की मागची सगळी दारं एकदम उघडतात. त्यामुळं रंग बदलतो कुठं, कधी आणि कुणाच्या सहीनं, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं समजा.

आधी आपला गट कुठल्या झोनमध्ये हाय ते लेखी घ्या

तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) झोन विचारू नका, त्याच्याकडं सातबारा असतो, झोन नसतो. झोन दाखला मिळतो नगररचना विभागाच्या जिल्ह्याच्या ऑफिसात, नाहीतर गाव नगरपरिषद, महापालिका किंवा प्राधिकरणाच्या हद्दीत असेल तर त्यांच्याकडं. अर्ज, सातबारा, गट नकाशा आणि फी, एवढंच लागतं. सोबत भाग नकाशा पण मागा, नुसता दाखला घेऊन येऊ नका, कारण दाखल्यात आपल्या गटाचं कळतं पण शेजारच्या दोनशे एकराचं काय चाललंय ते नकाशातच दिसतं.

आणि आपलं गाव नक्की कुणाच्या ताब्यात हाय हे पण विचारा. लोक लई ठामपणे सांगतात की "आपलं कुठं शहरात गाव, आपली तर ग्रामपंचायत हाय". अहो ग्रामपंचायत असली म्हणून काय झालं. छत्रपती संभाजीनगरच्या भोवतीची 28 गावं झालर क्षेत्र (शहराच्या कडेचा भाग) म्हणून सिडकोकडं, म्हणजे शहरं वसवणाऱ्या सरकारी कंपनीकडं, गेली होती, तिथं ग्रामपंचायती होत्याच की. नंतर तर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झालं आणि त्याच्यात शेकड्यानं गावं आली. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक हे औद्योगिक शहर झालं ते जवळपास 10 हजार एकराचं, तिथं नियोजन त्यांचंच. समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजजवळ जालना, वैजापूर बाजूला नवनगरांचा विषय निघाला तोही असाच. गावाची सरपंच-ग्रामसेवक जोडी तीच राहते, फक्त वावराचा झोन ठरवणारा माणूस बदलतो आणि ते गावात दवंडी पिटून कुणी सांगत नाही.

नोटीस कुठं येते

झोन ठरायचे मुख्य रस्ते तीन. सगळे 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातले, लोक त्याला एमआरटीपी म्हणतात.

पहिला, नवीन विकास आराखडा म्हणजे डीपी. प्रारूप आराखडा कलम 26 खाली प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवतात, मुदत नोटिशीतच छापलेली असते, बहुतेक वेळा 30 दिवस. 2024 च्या मार्चमध्ये छत्रपती संभाजीनगरचा आला तेव्हा लोकांनी रांगा लावून हजारोंनी हरकती टाकल्या, म्हणजे शहराला बरोबर कळतं. खेड्यात कळत नाही ही अडचण.

दुसरा, कलम 37, डीपी मंजूर झाल्यावरचा फेरबदल. तिसरा, कलम 20, प्रादेशिक योजनेतला फेरबदल. हे दोन जास्त डेंजर, कारण अख्ख्या शहराचा आराखडा आला की निदान बोंबाबोंब होते, पण एका मालकानं आपले चार गट शेतीतून रहिवासात घ्यायला अर्ज केला की त्याची एक बारीक नोटीस राजपत्रात येते, एक पेपरात कोपऱ्यात, महिनाभर हरकतीला, आणि संपलं. कुणाला पत्ता नाही.

म्हणून गावातल्या एका पोराला कामाला लावा, ज्याचं नेट चालतं त्याला. राजपत्राची विभागीय पुरवणी ऑनलाइन येते ती दर आठवड्याला बघायची, नगररचना विभागाच्या वेबसाइटवर नोटिसा येतात त्या बघायच्या, आणि आपल्या तालुक्याचं नाव, गावाचं नाव शोधायचं. सर्चवर विसंबून राहू नका, जुन्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मराठी नाव सर्चला सापडत नाही, डोळ्यानंच बघावं लागतं. कंटाळवाणं काम हाय पण आंदोलनापेक्षा स्वस्त पडतं.

माहिती अधिकाराचा अर्जही ठेवून द्या, दहा रुपयांचं तिकीट लावून, "मौजे अमुक येथील कोणत्याही गटाबाबत कलम 20 किंवा 37 खाली प्राप्त झालेले प्रस्ताव, त्यांची सद्यस्थिती व टिप्पणी" असा. 30 दिवसात उत्तर द्यायला ते बांधील हायत. "माझ्या गावात काय चाललंय ते सांगा" असं लिहिलं तर उत्तर येणार "माहिती सुस्पष्ट नाही", आणि त्यांचं बरोबर हाय.

हरकत कशी लिहायची, इथं थोडं थांबा

बहुतेक गावांची हरकत म्हणजे एकच मजकूर, झेरॉक्स काढून तीनशे सह्या. "आम्ही शेतकरी असून आमचे नुकसान होत आहे तरी आराखडा रद्द करावा." असं आलं की हरकती ऐकणाऱ्या समितीपुढं ती तीनशे कागदांची एकच हरकत बनते आणि शेऱ्यात "सर्वसाधारण स्वरूपाची, अमान्य" एवढं पडतं. आराखडा रद्द करा हे मागणं त्यांना देताच येत नाही. देता येईल असं काहीतरी मागा. कायद्यातच शब्द हरकती व सूचना असा हाय, तर सूचना द्या ना.

सूचना म्हणजे शहर वाढणारच असेल तर कुठं वाढू दे. आपल्याकडं प्रत्येक गावाला एक बाजू बागायती आणि एक बाजू मुरमाड असतेच. पैठण, गेवराई, पाथरी भागात जायकवाडीच्या कालव्याखालची काळी जमीन आणि लगेच पलीकडं हलकं माळरान, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं पण नकाशा काढणारानं ऑफिसात बसून कालव्याच्या कडेलाच पिवळं रंगवलेलं असतं, कारण तिथून रस्ता जातो. हे त्याला दाखवून द्यायचं. नमुना देतो, आपापल्या हिशेबानं बदला:

"मौजे ______, ता. ______ येथील गट क्र. ____ ते ____ ही जमीन प्रारूप आराखड्यात रहिवास विभागात दर्शविली आहे. सदर जमीन कालव्याच्या लाभक्षेत्रात असून तीवर वर्षातून दोन पिके घेतली जातात. सोबत मागील तीन वर्षांचे सातबारा, पाणीपट्टीच्या पावत्या व लाभक्षेत्राबाबतचा पाटबंधारे विभागाचा दाखला जोडला आहे. गावठाणाच्या पश्चिमेस गट क्र. ____ ते ____ येथे हलकी व मुरमाड जमीन उपलब्ध असून ती विद्यमान रस्त्यास लागून आहे. तरी पहिले नमूद गट शेती विभागात कायम ठेवावेत व वाढीव रहिवास क्षेत्र पश्चिमेस प्रस्तावित करावे. प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी."

बस. एका पानात. प्रत्येक शेतकऱ्यानं आपल्या गटाची स्वतंत्र द्यायची, आपले कागद जोडून, आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. शेवटचं वाक्य विसरू नका, कारण सुनावणीत चार शब्द बोलता आले तर फरक पडतो.

कागदात सगळ्यात जास्त मार बसतो तो पीक पाहणीत. सातबाऱ्याच्या खालच्या भागात, नमुना बारामध्ये, पीक लिहिलेलं असतं, आणि 2021 पासून ते ई-पीक पाहणीच्या ॲपवरून आपण स्वतः भरायचं असतं. आपले लोक भरत नाहीत, नेटवर्क नाही म्हणून, नाहीतर बघू पुढच्या हंगामात म्हणून. मग मोसंबीची बाग उभी असलेल्या वावराच्या सातबाऱ्यावर काहीच नाही नाहीतर पड. आणि तोच सातबारा समोरची पार्टी, म्हणजे पिवळा झोन मागणारी, काढते आणि म्हणते साहेब जमीन पडीक हाय. तर भाऊ, हरकत जाऊ द्या, आधी आजच्या आज पीक पाहणी नोंदवा, विहीर-बोअरची नोंद नसेल तर ती लावा, फळबाग असेल तर ती लावा. पीकविम्याला पण लागतंच ते.

भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्यात बहुपीक ओलिताची जमीन अगदी शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी असं कलम 10 मध्ये हाय. तो कायदा संपादनाचा, झोनचा नाही, तरी हरकतीत उल्लेख करा. सुनावणीला बसलेल्यालाही एखादा आधार लागतो.

ग्रामसभेचा ठराव

करा, पण त्याची ताकद किती ते ओळखून करा. ग्रामसभेनं नाही म्हटलं म्हणून झोन बदलायचा थांबत नाही, ते अधिकार नियोजन प्राधिकरणाचे आणि शेवटी शासनाचे. तरी फाईलमध्ये ठराव असला की पुढं हायकोर्टात औरंगाबाद खंडपीठात जायची पाळी आली तर दाखवता येतं की गाव पहिल्या दिवसापासून बोलत होतं. कोरम बघा, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. कोरम नसताना केलेला ठराव समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटात उडवतो. ठरावात गट नंबर टाका, सूचक-अनुमोदक टाका, आणि ग्रामसेवकाकडून प्रमाणित प्रत लगेच घ्या, नंतर रजिस्टर सापडत नसतं.

आता एक अवघड गोष्ट. ग्रामसभेत निम्मे लोक यलो झोन पाहिजे म्हणणारे असतात. त्यांना गद्दार म्हणून चालणार नाही. सोयाबीनला भाव नाही, पोरीचं लग्न हाय, दोन एकर जिरायत आणि वर पाऊस बेभरवशाचा, त्यानं एकराला जास्त पैसे येत असताना कामून सोडायचे? माझं मत असं की अख्खं गाव हिरवं ठेवा ही मागणी गावातच हरते. गावठाणाला लागून पिवळा पट्टा द्या आणि ओलिताखालचं हिरवं ठेवा, ही मागणी दोन्ही बाजूंना जमते आणि नगररचनावाल्यालाही पटते, कारण रस्ता-पाणी-ड्रेनेज त्याला जवळजवळच टाकायचं असतं.

ग्रीन झोन राहिला म्हणून निवांत होऊ नका

2020 च्या डिसेंबरपासून मुंबई सोडून बहुतेक राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू हाय, यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात शेती विभागातही पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, गोदाम, फार्महाऊस असं बरंच चालतं, अटी पाळून. त्यामुळं ग्रीन झोनमध्ये हॉल उभा राहिला म्हणजे बेकायदाच असं समजून ओरडू नका, आधी मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा, रस्त्याची रुंदी, प्लॉटचं क्षेत्र जुळतंय का बघा. मोठं प्लॉटिंग असेल तर महारेराच्या (प्लॉट-घरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणारं प्राधिकरण) साइटवर प्रकल्प शोधा, 500 चौरस मीटरच्या वर असेल तर नोंदणी लागते, आणि तिथं सातबारा, मंजुरीचे कागद अपलोड केलेले असतात, फुकट बघायला मिळतात. तिथं प्रकल्पच सापडला नाही तर फ्लेक्सचा फोटो काढून महारेराला तक्रार, आणि विनापरवाना काम म्हणून नियोजन प्राधिकरणाला एमआरटीपीच्या कलम 52-53 खाली, तहसीलदाराला महसूल संहितेच्या कलम 45 खाली अर्ज. तिन्हीकडं एकाच दिवशी द्या म्हणजे एकमेकांकडं बोट दाखवायला जागा राहत नाही.

आपल्या भागात अजून एक बघायचं. निजामाच्या काळातल्या इनाम जमिनी, मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेल्या), खिदमतमाश (सेवेसाठी दिलेल्या), देवस्थानच्या, आणि कुळाच्या. यांच्यावर वर्ग-2 किंवा इतर हक्कात शेरा असतो आणि विकायला, वापर बदलायला परवानगी लागते. मराठवाड्याला कुळकायदा पण वेगळा, 1950 चा हैदराबादचा. प्लॉटिंगवाल्यानं हे शेरे बघितले नसतील तर जुने फेरफार आणि 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक काढा, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतं, कधीकधी सगळा विषय तिथंच थांबतो.

एमआयडीसीचं प्रकरण असेल तर वरचं निम्मं लागू होत नाही. तिथं 1961 चा वेगळा कायदा, आणि प्रत्येक खातेदाराला जमीन संपादनाची कलम 32(2) ची नोटीस येते. ती घ्यायची नाही असं काही लोक गावात शिकवतात, ते ऐकू नका. नोटीस घ्या, मुदतीत लेखी उत्तर द्या, सुनावणीला जा.

शेवटचं म्हणजे आराखडा मंजूर झाल्याची अधिसूचना आली की पेढे वाटू नका, नाहीतर डोक्याला हात लावून पण बसू नका, सोबतचं परिशिष्ट उघडा. काही बदल मंजूर झालेले असतात आणि काही भाग ईपी (एक्सक्लुडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) नंबर टाकून बाजूला ठेवलेला असतो, म्हणजे सारभूत बदल, त्याच्यावर परत हरकती मागवतात. प्रारूपात हिरवा असलेला गट शासनानं परस्पर पिवळा करायचं ठरवलं असेल तर तो याच यादीत सापडतो, आणि सापडला तर अजून महिनाभर हातात असतो.