1500 मीटर फ्रीस्टाइल: पेस धरून कसं पोहायचं

1500 मध्ये बहुतेकांची वाट पहिल्या 200 मीटरमध्येच लागते. अंगात ताकद असते, हात सटासट चालतात, शेजारच्या लेनवाला मागे पडलेला दिसतो आणि अजून चेव येतो, मग 500 च्या आसपास खांदे भरून यायला लागले की कळतं अजून एक किलोमीटर बाकीये. म्हणून माझं ठाम मत, स्टाइल वगैरे नंतर बघू, आधी पेस शिका, म्हणजे पूर्ण अंतर एकसारख्या वेगाने पोहायला.

अमेरिकेच्या पोहणाऱ्या केटी लेडेकीचंच घ्या. 2018 मधला तिचा 1500 चा वर्ल्ड रेकॉर्ड 15:20.48, म्हणजे 50 मीटरच्या पूलमधला एक लॅप सरासरी 30.7 सेकंदांत, आणि असे 30 लॅप! 15 वर्षांची असताना 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये 800 चं गोल्ड, मग रिओ, टोकियो, पॅरिस, चारही वेळा 800 तिचंच. 2025 मध्ये तर 28 व्या वर्षी स्वतःचाच रिओमधला 8:04.79 चा रेकॉर्ड मोडून 8:04.12 केला. (बायकांची 1500 ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी टोकियोला, नाहीतर तिची मेडलं अजून वाढली असती.)

आता तुमचा पेस कसा काढायचा. नीट वॉर्मअप करून 400 मीटर जीव तोडून पोहा, टाइम लिहून ठेवा, दहा मिनिटं आरामात हातपाय हलवा, मग 200 मीटर तसंच. मोठ्या टाइममधून छोटा वजा करायचा आणि दोनने भागायचं. समजा 400 ला 7:50 लागले आणि 200 ला 3:40, तर फरक 4:10, त्याचं अर्धं 2:05. हा तुमचा 100 मीटरचा पेस. पहिल्यांदाच 1500 करणार असाल तर त्यात एकदोन सेकंद अजून टाका, लाज वाटून घेऊ नका.

मग 15 वेळा 100 मीटरचा सेट लावा, मधे 15-20 सेकंद ब्रेक. पहिले तीन-चार इतके सोपे जातील की वाटेल आपण काहीतरी चुकतोय, पण तिथे वेग वाढवायचा नाही म्हणजे नाही. 2:05 ठरलाय तर 2:00 आला तरी तो बिघडलेलाच धरा. खरी परीक्षा नववा-दहावा, तिथे घड्याळ तेच दाखवायला हवं आणि मेहनत दुप्पट लागते. दोन सेकंदांहून जास्त घसरायला लागलात की सेट तिथेच थांबवा, खराब पेसने पूर्ण करून काही मिळत नाही. हे जमलं की 5 वेळा 300.

यासोबत एका लॅपला किती हात मारता ते मोजत चला. सुरुवातीला 40 आणि शेवटी 47 होत असतील तर हात पाण्यात नुसता घसरतोय, कोपर खाली पडतंय, पाणी पकडलंच जात नाहीये. पाय फार मारू नका, पायाचे स्नायू मोठे, दम तेच आधी खातात, मधल्या लॅपला एका हाताला एक किक पुरे. श्वास दोन्ही बाजूंनीच घ्या असं सगळे सांगतात, पण लेडेकी स्वतः बहुतेक उजवीकडेच घेते, तेव्हा ज्या बाजूने हवा पुरते तिकडून घ्या. अमेरिकेचीच जुनी चॅम्पियन जॅनेट इव्हान्स, तिचे हात तर सरळ पवनचक्कीसारखे फिरायचे, कुठल्याच पुस्तकात न बसणारे, तरी तिचा 800 चा 1989 चा रेकॉर्ड 2008 पर्यंत टिकला.

टर्नकडे, म्हणजे भिंतीपाशी वळण्याकडे, मात्र सगळेच दुर्लक्ष करतात. 50 च्या पूलमध्ये 29 टर्न होतात, प्रत्येकाला अर्धा सेकंद वाचला तरी साडेचौदा सेकंद झाले, तेही फिटनेस न वाढवता.

रेसच्या दिवशी शेजारच्याला बघून पोहू नका. अमेरिकेच्या बॉबी फिंकने टोकियोला शेवटच्या 50 मध्ये 25.78 सेकंद मारून 1500 जिंकली, ते बघून सगळ्यांना शेवटच्या स्प्रिंटचं वेड लागलं. पण तोच फिंक पॅरिसला सुरुवातीपासून पुढे राहून 14:30.67 चा वर्ल्ड रेकॉर्ड करून गेला. आणि ऑस्ट्रेलियाचा किरन पर्किन्स 1996 च्या ऑलिंपिकला 1500 च्या फायनलमध्ये जेमतेम आठवा म्हणून घुसला, आठव्या लेनमधून पोहला आणि गोल्ड घेऊन गेला, कडेला असल्यामुळे त्याचं काही अडलं नाही.

लॅप मोजायचा घोळ सगळ्यांचाच होतो. मोठ्या स्पर्धेत किती लॅप राहिले त्याचे आकडे पाण्यात दाखवतात, शेवटचे दोन लॅप उरले की घंटाही वाजते, सरावात यातलं काही नसतं. म्हणून 30 मोजत बसू नका, 300 चे पाच तुकडे करा, प्रत्येकात सहाच लॅप मोजायचे. पहिला तुकडा मुद्दाम हळू, दुसरा-तिसरा ठरलेल्या पेसवर, चौथ्यात फक्त पेस सोडायचा नाही एवढंच बघायचं, कारण बहुतेकांचा टाइम तिथेच सांडतो. पाचव्यात जे काही उरलं असेल ते काढा.